वाचकांचे प्रश्न : शाफ्ट स्टीलचा की ग्रॅफाइटचा?

ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी गोल्फविषयी पाठवलेल्या बहुतेक पत्रांचा रोख या वेळी क्लबच्या शाफ्टवर, म्हणजे ग्रिप आणि डोके यांना जोडणाऱ्या दांड्यावर आहे. हौशी खेळाडू डोक्याचा आकार, कंपनी आणि रंग यांचा विचार बराच करतात, परंतु चेंडूपर्यंत ते डोके घेऊन जाणाऱ्या शाफ्टचा विचार शेवटी करतात किंवा दुकानदारावर सोपवतात. म्हणून हे सदर यावेळी केवळ शाफ्टसाठी राखले आहे. उत्तरांत खेळाडू उजव्या हाताने खेळणारा आहे असे गृहीत धरले आहे.

प्रश्न : माझे वय ५४ आहे. शनिवार-रविवारी खारघरच्या मैदानावर खेळतो आणि मधल्या दिवसांत रेंजवर सराव करतो. परदेशी स्थायिक झालेल्या मित्राने त्याचा स्टील शाफ्टचा आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांचा, सेट मला दिला आहे. फेरीच्या उत्तरार्धात हात जड होतात आणि डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखते. सर्व शाफ्ट ग्रॅफाइटचे करून घ्यावेत का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : विश्रांतीनंतरही कोपर दुखत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. शाफ्ट बदलणे हा उपचार नव्हे, तो दुखणे वाढू नये यासाठीचा एक उपाय आहे. पुढच्या हाताच्या, म्हणजे तुमच्या डाव्या, कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे टेनिस एल्बो या नावाने ओळखले जात असले तरी गोल्फ खेळणाऱ्यांमध्येही ते सर्रास आढळते. ग्रिप फार घट्ट आवळणे, चेंडूच्या आधी जमिनीवर फटका बसणे आणि रेंजवरील कृत्रिम गवताच्या कडक मॅटवर शेकडो चेंडू मारणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मॅटवरचा सराव काही काळ निम्म्यावर आणा आणि गुळगुळीत झालेल्या जुन्या ग्रिप बदला, कारण ग्रिप निसटू लागली की हात नकळत ती अधिक आवळतो.

आता शाफ्टकडे येऊ. स्टील आणि ग्रॅफाइट यांच्यातील निवड ही मुळात वजनाची निवड आहे, आणि हे मी प्रत्येक वाचकाला आग्रहाने सांगतो. क्रिकेटची बॅट घेताना आपण आधी ती उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि मगच तिचे लाकूड पाहतो. शाफ्टच्या बाबतीतही हाच क्रम योग्य ठरतो. जुन्या पद्धतीचा जड स्टील शाफ्ट साधारण १२० ते १३० ग्रॅमचा असतो, हलक्या स्टीलचा ९० ते १०५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि आयर्नसाठीचे ग्रॅफाइट शाफ्ट ५० पासून ९० ग्रॅमपर्यंत, क्वचित त्याहूनही जड मिळतात. सात नंबरच्या आयर्नचे डोके सुमारे २७० ग्रॅमचे आणि ग्रिप सुमारे ५० ग्रॅमची असते. म्हणजे जड स्टीलचा पूर्ण क्लब ४४० ग्रॅमच्या घरात जातो आणि ७० ग्रॅमच्या ग्रॅफाइटचा ३९० ग्रॅमच्या आसपास राहतो. एका फटक्यात पन्नास ग्रॅम जाणवत नाहीत, परंतु खारघरच्या डोंगराच्या कुशीतील चढउतारांवर चालून थकलेल्या शरीराला अखेरच्या होलवर ते निश्चित जाणवतात.

दुसरा फरक कंपनांचा आहे. स्टीलच्या नळीतून आघाताची कंपने हातापर्यंत बरीच स्पष्ट पोहोचतात. ग्रॅफाइट शाफ्टमध्ये कार्बनचे तंतू राळेत बसवलेले असल्यामुळे कंपनांचा बराच भाग वाटेतच शमतो. चेंडू डोक्याच्या मध्यावर लागला तर हा फरक थोडा असतो, मात्र डोक्याच्या टोकाकडे किंवा टाचेकडे, म्हणजे शाफ्टजवळच्या भागाकडे, लागल्यास तो मोठा होतो. हौशी खेळाडूचे निम्म्याहून अधिक फटके मध्यावर बसत नाहीत हे लक्षात घेतले, तर दुखऱ्या कोपराला ग्रॅफाइट का मानवते हे वेगळे सांगायला नको.

असे असले तरी संपूर्ण सेट लगेच बदलू नका. केवळ सात नंबरच्या आयर्नमध्ये ७० ते ८० ग्रॅमचा ग्रॅफाइट शाफ्ट बसवून घ्या आणि महिनाभर त्याच एका क्लबने सराव करा. मात्र शाफ्ट हलका झाला की क्लबचा तोलही बदलतो, ही गोष्ट बसवणाऱ्याशी आधीच बोलून घ्यावी. गोल्फमध्ये हा तोल स्विंगवेट या मापाने मोजतात. शाफ्टच्या वजनात सुमारे नऊ ग्रॅमची घट झाली की स्विंगवेट एका अंकाने उतरते. पन्नास ग्रॅम कमी झाले की ते पाच-सहा अंकांनी खाली येते आणि डोके कुठे आहे हेच हाताला कळेनासे होते. शाफ्ट अर्धा इंच लांब ठेवल्यास साधारण तीन अंक भरून निघतात, आणि शाफ्टच्या टोकात दोन-दोन ग्रॅमचे वजन टाकून उरलेले भरता येतात. हे न करता केवळ जुना शाफ्ट काढून नवा चिकटवणारा कारागीर स्वस्त पडतो, परंतु त्याने तयार केलेला क्लब बहुधा कोपऱ्यात पडून राहतो.

प्रश्न : मी ३३ वर्षांचा आहे, व्यायाम नियमित करतो. आमच्या गटातील ज्येष्ठ खेळाडू म्हणतात की ग्रॅफाइट महिलांसाठी आणि वयस्करांसाठी असते, तरुण माणसाने स्टीलच घ्यावे. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : हे आज खरे नाही, परंतु एके काळी असे मानण्यास कारण होते, म्हणून ते कारण सांगणे आवश्यक वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाफ्ट हिकरी लाकडाचे असत. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूज येथील आर अँड ए या संस्थेने १९२९ मध्ये स्टीलला मान्यता दिली. १९३१ साली बिली बर्क यांनी स्टील शाफ्टच्या क्लबांनी यूएस ओपन जिंकली आणि त्यानंतर लाकूड झपाट्याने मागे पडले. ग्रॅफाइट पुष्कळ नंतर आले. शेक्सपिअर या कंपनीतील अभियंते फ्रँक थॉमस यांनी ते १९६९ मध्ये विकसित केले आणि पुढच्याच वर्षी ते बाजारापुढे आले. ते शाफ्ट हलके होते, परंतु फटक्याच्या वेळी स्वतःभोवती फार पिळले जात, त्यामुळे डोके कधी उघडे तर कधी बंद राहून चेंडूची दिशा बिघडे. शिवाय एकाच नमुन्याच्या दोन शाफ्टमध्ये फरक असे. ग्रॅफाइट म्हणजे लवचीक, बेभरवशाचे आणि कमकुवत, हा समज त्या काळातला आहे. १९९७ मध्ये टायगर वूड्स यांनी मास्टर्स जिंकली तेव्हासुद्धा त्यांच्या ड्रायव्हरला, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबला, स्टीलचाच शाफ्ट होता.

त्यानंतर चित्र पूर्ण पालटले. ग्रॅफाइट शाफ्ट तयार करताना कार्बन तंतूंचे राळ लावलेले पातळ थर स्टीलच्या निमुळत्या सळईभोवती गुंडाळतात, भट्टीत पक्के करतात आणि मग सळई ओढून काढतात. कोणत्या थराचे तंतू उभे, कोणत्याचे तिरके आणि कुठे किती थर द्यायचे, हे निर्मात्याच्या हाती असते. उभे तंतू वाकण्याला विरोध करतात आणि तिरके तंतू पिळण्याला. त्यामुळे ६० ग्रॅमचा अतिशय ताठ शाफ्टही तयार होतो आणि तितक्याच वजनाचा मऊ शाफ्टही. स्टीलमध्ये नळीची जाडी, व्यास आणि पायऱ्या एवढीच साधने असल्यामुळे फार हलके जाता येत नाही. आज व्यावसायिक खेळाडूंच्या ड्रायव्हरमध्ये ग्रॅफाइटच असते, आणि २०२० ची यूएस ओपन जिंकणारे ब्रायसन डीशॅम्बो यांच्या तर आयर्नचे शाफ्टही ग्रॅफाइटचे होते. त्यांच्या फटक्याची ताकद पाहता ग्रॅफाइटला कमकुवत म्हणणे कठीण आहे.

तुमच्यापुरते सांगायचे तर ड्रायव्हर, फेअरवे वूड आणि हायब्रिड हे लांब फटक्यांचे क्लब निःशंकपणे ग्रॅफाइटचे घ्या. आयर्नसाठी तुम्हाला कोणतेही दुखणे नसेल तर ९५ ते १०५ ग्रॅमचे हलके स्टील हा माझा कौल आहे. ते ग्रॅफाइटपेक्षा सामान्यतः स्वस्त असते, फटका कुठे बसला हे हाताला स्पष्ट कळवते, आणि शिकण्याच्या काळात ही जाणीव मोलाची असते. शिवाय बलवान आणि घाई करणाऱ्या तरुणाच्या हातात फारच हलका क्लब दिला की तो मनगटांनी फटका मारू लागतो आणि स्विंगची, म्हणजे क्लब वर नेऊन चेंडूवर आणण्याच्या हालचालीची, लय बिघडते. १३० ग्रॅमचे स्टील मात्र व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांच्या भरवशावर घेऊ नका. गोल्फचा वेग दंडातून कमी आणि कमरेच्या वळणातून व योग्य वेळ साधण्यातून अधिक येतो.

प्रश्न : शाफ्टवर आर, एस अशी अक्षरे असतात. वाशीतील माझ्या ओळखीच्या एका खेळाडूचा आर माझ्या एसपेक्षाही ताठ वाटतो. असे कसे? आणि मी कोणते अक्षर निवडावे?
— एक वाचक, वाशी

उत्तर : तुमच्या हाताने अचूक ओळखले आहे. एल, ए, आर, एस, एक्स ही अक्षरे मऊपासून ताठपर्यंतचा क्रम दाखवतात, परंतु ती कोणत्याही सर्वमान्य मापाशी बांधलेली नाहीत. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका ताठ असू शकतो, आणि एकाच कंपनीच्या ५० ग्रॅमच्या व ७० ग्रॅमच्या आरमध्येही फरक पडतो. त्यामुळे अक्षर हे शोधाची सुरुवात करण्यापुरते धरावे.

ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी ७० मैलांहून कमी असेल तर एल, ७० ते ८५ असेल तर ए, ८५ ते ९५ असेल तर आर, ९५ ते १०५ असेल तर एस आणि त्याहून अधिक असेल तर एक्स, असा ढोबळ संकेत आहे. हौशी पुरुष खेळाडूंचा सरासरी वेग ताशी ९० मैलांच्या थोडा वर, तर अमेरिकेतील व्यावसायिक पुरुषांचा ११० च्याही वर असतो. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या खेळाडूचा शाफ्ट आपल्याला का लागू पडत नाही, हे या अंतरावरून कळते. वेग मोजणारे लाँच मॉनिटर हे यंत्र अनेक प्रशिक्षकांकडे आणि फिटिंग करणाऱ्या दुकानांत असते. खरेदीपूर्वी त्यावर किमान वीस-पंचवीस फटके मारून पाहावेत, आणि तेही दमल्यावरचे फटके धरून, कारण पहिल्या पाच फटक्यांत प्रत्येक जण आपल्या खऱ्या वेगापेक्षा जोरात मारतो. यंत्र हाताशी नसेल तर सात नंबरच्या आयर्नने चेंडू हवेतून किती जातो हे पाहा. सपाट जागेवर तो १४० यार्डांच्या आसपास जात असेल तर तुम्ही आरच्या परिसरात आहात. १२० यार्डांपर्यंत जाताना दमछाक होत असेल तर ए वापरून पाहण्यात काहीच कमीपणा नाही.

वेगाइतकेच महत्त्व स्विंगच्या स्वभावाला आहे. वर नेलेला क्लब खाली आणताना जो झटका देतो त्याला त्याच वेगाच्या शांत खेळाडूपेक्षा ताठ शाफ्ट लागतो. शाफ्ट फार मऊ असला तर चेंडू उंच जाऊन डावीकडे वळण्याकडे कल असतो. फार ताठ असला तर तो खाली राहतो, उजवीकडे जातो आणि फटका लाकडासारखा मेलेला वाटतो. पिळवट, म्हणजे टॉर्क, हे आणखी एक माप अंशांत छापलेले असते. स्टीलमध्ये ते दोन-अडीच अंशांच्या आसपास असते आणि ग्रॅफाइटमध्ये दोनपासून सहापर्यंत किंवा त्याहूनही अधिक. संथ स्विंगला चार-पाच अंशांचा टॉर्क सुखद वाटतो. शाफ्टच्या वाकण्याच्या जागेवरून, म्हणजे किक पॉइंटवरून, चेंडूच्या उंचीची जी मोठी आश्वासने जाहिरातींत दिली जातात, त्यांवर फार पैसे खर्च करू नयेत. तो परिणाम खरा असला तरी लहान असतो.

प्रश्न : सेटमध्ये स्टील आणि ग्रॅफाइट मिसळले तर चालते का? आखूड, उंच फटक्यांचे वेज आणि चेंडू होलकडे ढकलण्याचा पटर यांचे काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चालते, आणि बहुतेकांच्या पिशवीत तसेच असते. फक्त वजनाची उतरंड सांभाळली पाहिजे : सर्वांत लांब क्लबचा शाफ्ट सर्वांत हलका आणि वेजचा सर्वांत जड. उदाहरणार्थ ड्रायव्हर ५५ ग्रॅम, फेअरवे वूड ६५, हायब्रिड ७५ ते ८०, आयर्न ९५ आणि वेज १०५ ते ११५ ही रचना हाताला सलग वाटते. ५० ग्रॅमच्या शाफ्टच्या हायब्रिडनंतर एकदम १२५ ग्रॅमच्या शाफ्टचे पाच नंबरचे आयर्न हातात आले तर स्विंगची लय मोडते, आणि खेळाडू दोष स्वतःला देत राहतो. आयर्न ७० ग्रॅमच्या ग्रॅफाइटचे असतील तर वेजही ८० ते ९० ग्रॅमच्या पुढे नेऊ नयेत. पटरला स्टीलच पुरेसे आहे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यालाच गंज चढतो. शाफ्टची काळजी कशी घ्यावी? या हवामानात ग्रॅफाइटच योग्य नाही का?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : खाडीवरून येणारी खारट हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे तुमची चिंता रास्त आहे, तरी केवळ तेवढ्यासाठी स्टील सोडण्याची गरज नाही. स्टील शाफ्टवर निकेल-क्रोमचा मुलामा असतो, म्हणून बाहेरून तो सहजासहजी गंजत नाही. धोका आतून असतो. ग्रिपच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून पाणी नळीत उतरते आणि डोक्याजवळच्या सांध्यापाशी साचते. तिथला गंज दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी शाफ्ट नेमका तिथेच तुटतो. पावसात खेळून आल्यावर ओले क्लब पिशवीत ठेवू नका. डोक्यांवरची आवरणे काढा, क्लब कोरड्या फडक्याने पुसा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. पिशवीही उघडून वाळवा. क्लब धुताना ग्रिपच्या टोकावर पाणी पडू देऊ नका. क्रोमवर तांबूस ठिपके दिसू लागले तर ते मऊ फडक्याने काढून त्यावर तेलाचा हलका हात फिरवावा.

ग्रॅफाइट गंजत नाही, परंतु त्याचे शत्रू वेगळे आहेत. पिशवीच्या कडेला घासून रंगाखालचे तंतू उघडे पडले की शाफ्ट कमकुवत होतो, म्हणून कापडाचे अस्तर असलेल्या कप्प्यांची पिशवी घ्यावी आणि नखाला लागणारा ओरखडा दिसल्यास तो जाणकाराला दाखवावा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत क्लब दिवसभर राहू देऊ नयेत. तिथल्या उष्णतेने डोके आणि शाफ्ट जोडणारे इपॉक्सी मऊ पडू शकते. हे दोन्ही प्रकारच्या शाफ्टना लागू आहे, आणि मे महिन्यात विशेषच.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला गोल्फची आवड लागली आहे. माझे जुने स्टीलचे आयर्न कापून तिच्या उंचीचे करून दिले तर चालेल का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : कृपया तसे करू नका. शाफ्ट वरून कापला की तो उरलेल्या लांबीत अधिक ताठ होतो, डोके मात्र प्रौढ माणसाचेच राहते. मुलीच्या हातात आखूड, न वाकणारा आणि जड क्लब येतो. तो उचलण्यासाठी ती पाठ व खांदे वाकडे करून स्विंग शिकेल, आणि नंतर ती सवय मोडणे अवघड जाईल. मुलांच्या क्लबांना हलकी डोकी आणि हलके, मऊ ग्रॅफाइट शाफ्ट असतात, आणि ते वयापेक्षा उंचीनुसार निवडतात. पूर्ण सेटची गरज नाही. एक हायब्रिड किंवा फेअरवे वूड, सात आणि नऊ नंबरचे आयर्न, एक वेज आणि पटर एवढ्यावर तिची दोन वर्षे आनंदात जातील. क्लब लहान पडले की ते दुसऱ्या मुलाला देता येतात. नवी मुंबईत खेळणारी मुले वाढत असल्याने घेणारा सापडणे कठीण नाही.

प्रश्न : जुना सेट ऑनलाइन घेत आहे. शाफ्टमध्ये काय तपासावे?
— एक वाचक, मजिवडा, ठाणे

उत्तर : पैसे देण्यापूर्वी क्लब हातात घेण्याचा आग्रह धरा. विक्रेत्याचा शब्द प्रमाण न मानता सोबत लहान चुंबक न्यावा : स्टीलला तो चिकटतो, ग्रॅफाइटला नाही. शाफ्ट डोळ्यासमोर आडवा धरून सावकाश फिरवला की तो वाकलेला असल्यास लगेच दिसते. डोक्याच्या वरच्या काळ्या कड्यापाशी भेग, रंगाचे फुगवटे किंवा सैलपणा आहे का ते पाहा. डोके एका हातात आणि ग्रिप दुसऱ्या हातात धरून हलकेच पिळा. कर्र असा आवाज आला तर तो क्लब नको. सेटमधील सर्व आयर्नवर शाफ्टचे एकच नाव आणि एकच अक्षर असावे. पाच-सहा क्लबांमध्ये एखादा वेगळा असेल तर तो कधीतरी तुटून बदललेला असतो. नामांकित कंपन्यांच्या क्लबांच्या नकला बाजारात पुष्कळ असल्यामुळे, अतिशय कमी किमतीत नवाकोरा सेट मिळत असेल तर तो घेऊ नये. पुढे शाफ्ट बदलण्याचा विचार असल्यास आयर्नच्या डोक्यातील छिद्राचे माप आधी विचारून ठेवा. ते ०.३५५ इंचांचे निमुळते किंवा ०.३७० इंचांचे सरळ असते, आणि एका मापाचा शाफ्ट दुसऱ्यात नीट बसत नाही.